पोत्याच्या तोंडाशी चार दिवस

दिवस पहिला

मिस्त्रींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. "साहेब, तुमचं मशीन भंगारात निघालंय. बघायचं असलं तर या लवकर." तुमचं मशीन म्हणजे पोत्याचं तोंड शिवायचं हेड. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका गोदामात १९८९ साली मी ते बसवलं होतं, आणि मिस्त्रींनी ते चालवलं. नोकरीतलं माझं पहिलं इन्स्टॉलेशन. पुढची तीसेक वर्षं पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये गेली, शेकड्यांनी मशीनं हाताखालून गेली, पण पहिल्याचं तसं असतंच. घरात सांगितल्यावर बायको म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात." मी म्हटलं, काशीपेक्षा सांगली जवळ आहे.

पुण्याहून सकाळी निघालं की दुपारनंतर सांगलीत पोचता येतं. मी मुद्दाम चार दिवस काढले. या लाइनवर इतक्या वेळा ये-जा केली, पण दर वेळी पायाशी पाना-पकडीची पिशवी आणि डोक्यात पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, ओरडा. खिडकीबाहेर बघायचं राहूनच गेलं होतं.

सालपा-आदर्कीचा घाट, मग सातारा. सातारा म्हटलं की लोकांना कंदी पेढे आठवतात, मला कूपर. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये इथं लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, पुढं डिझेल इंजिनं केली. हेच गृहस्थ १९३७ मध्ये तीनेक महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. कारखानदारानं एवढ्या वरच्या खुर्चीत बसायचं आणि तीनच महिन्यांत उठायचं, याला काय म्हणावं कळत नाही. इंजिनानं मात्र त्यांचं नाव जास्त टिकवलं.

कराडला उतरलो. उतरलो असं म्हणायचं, पण कराडचं स्टेशन कराडात नाही, ते ओगलेवाडीत आहे. ओगले बंधूंचा काच कारखाना १९१६ चा, औंध संस्थानच्या काळातला. प्रभाकर कंदील इथला. आमच्या घरी तो होता. आजी संध्याकाळी राखेनं काच पुसायची आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही, कारण नवी काच आणायची म्हणजे बाजाराच्या दिवसापर्यंत अंधार. ती नवी काच यायची काडात गुंडाळून. भाताचं काड, वर जुना कागद, वर सुतळी. पॅकिंग या विषयाशी माझी पहिली ओळख ती. एवढी पातळ काच गाडीतून, बैलगाडीतून, हमालाच्या डोक्यावरून येते आणि फुटत नाही, याचं आश्चर्य पुढं पुस्तकं वाचूनही कमी झालं नाही.

कारखाना बंद होऊन बराच काळ लोटला. स्टेशनबाहेर चहा पिताना टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कंदील ऱ्हायले न्हाईत, वाडी ऱ्हायली." संध्याकाळी रिक्षानं कराडात गेलो, प्रीतिसंगमावर बसलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. मुक्काम कराडलाच.

दिवस दुसरा

सकाळची पॅसेंजर. शेणोली मागं पडलं. १९४३ च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या माणसांनी पगाराची गाडी लुटली ते हे शेणोली. मग ताकारी, मग किर्लोस्करवाडी.

हे स्टेशन आधी कुंडल रोड होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली बेळगावातलं बिऱ्हाड आणि कारखाना उचलून इथं आले. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. ३२ एकर, तीही निवडुंगाची आणि सापांची. या माणसाचं मला कायम कौतुक वाटत आलंय, आणि त्याचं कारण नांगर नाही. मुंबईला चित्रकला शिकायला गेला, रंग ओळखू येत नाहीत असं कळलं, तेव्हा रंग सोडून रेखाटनाकडे वळला आणि यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागला. नांगर केला तर दोन वर्षं तो विकला जाईना. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांचं मत. आज ऐकायला गंमत वाटते, पण मशीन विकायला गेलेल्या कुणालाही विचारा. मी पहिलं पाउच मशीन दाखवायला एका भडंगवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला होता, प्लास्टिकात भडंगाचा वास कोंडतो. वर्षभरानं त्यानंच दुसरं मशीन मागवलं.

मी गेटच्या बाहेरूनच फिरलो. आत जायला परवानगी काढावी लागते आणि मला आता कुणाची सही घ्यायचा कंटाळा. झाडी छान आहे, रस्ते रुंद आहेत. ओगलेवाडी काय, किर्लोस्करवाडी काय, दोन्ही स्टेशनाला चिकटून. कारखाना काढणाऱ्याला माल बनवायची जेवढी काळजी, तेवढीच तो बाहेर धाडायची. नांगर काही कागदात गुंडाळून देता येत नाही. लाकडी चौकट, पट्टी, खिळे, वर ठिकाणाचं नाव, आणि मालगाडी. ही पॅकिंगची मंडळी कुठल्याच कारखान्याच्या फोटोत नसतात. मालक, फाउंड्री, पहिलं इंजिन यांचे फोटो भिंतीवर लागतात, पेटी ठोकणारा सुतार दिसत नाही.

दुपारी भिलवडी. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा धंदा इथं सुरू केला. रेल्वेचं कारण इथंही आहेच. दूध कॅनमधून जायचं. कॅनचं झाकण ठोकून बसवलेलं, पण आत किती दूध आणि किती पाणी हे झाकणाला माहीत नसतं. पिशवी आली आणि प्रश्नच बदलला. पिशवीचं मशीन बघितलंय का कधी? वर फिल्मचं रीळ. ती सपाट फिल्म एका कॉलरवरून खाली येते आणि नळीभोवती आपोआप गोल होते. उभी शिवण तापवून चिकटते, खालचा जबडा मिटतो, दूध पडतं, वरचा जबडा मिटतो आणि मध्ये पातं फिरतं. म्हणजे एका पिशवीचं तोंड आणि पुढच्या पिशवीचा तळ एकाच दणक्यात. स्वीडनमध्ये टेट्रा पॅकनं १९५२ मध्ये कागदाची चौमुखी पुडी भरणारं पहिलं मशीन लुंडच्या डेअरीला दिलं, त्यातही मूळ चाल हीच होती. नळी करायची, भरायची, आडवं दाबायचं. फरक एवढाच की त्यांनी एक दाब आडवा आणि दुसरा त्याला काटकोनात दिला, म्हणून पुडी चौकोनी न होता चार टोकांची झाली.

असो. भिलवडीत मी दूध पिऊन आणि घाटावर जाऊन आलो, बाकी काही केलं नाही. रात्री सांगली.

दिवस तिसरा

मार्केट यार्डात सकाळी दहाला गेलो. फाल्गुनातला यार्ड. नवी हळद आलेली, हवेत पिवळी धूळ, पांढरा शर्ट घालून गेलो ही चूक. सौदे चालू होते. ढिगामागून ढीग, माणसांचा घोळका एका अडत्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात. कुणी हळकुंड मोडून बघतोय, कुणी वास घेतोय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण इथल्या माणसाला त्याआधीही कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हळद म्हणजे सांगलीची, बाकीची पिवळी.

मिस्त्री गोदामाच्या दारात उभे होते. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, कानाच्या मागं अजून पेन्सिल. "आलासा? चला, आधी मशीन बघा, मग च्या."

मशीन कोपऱ्यात बारदानाच्या गठ्ठ्यावर ठेवलं होतं. स्टँड आधीच विकला गेला होता, पट्टा गेला होता, मोटर गेली होती. उरलं फक्त हेड. रंग उडालेला, बाजूला नावाची अक्षरं अर्धी घासलेली. युनियन स्पेशल. मी १९८९ मध्ये बसवलं तेव्हाही ते नवं नव्हतं. गोदामवाल्यानं मुंबईहून वापरलेलं उचललं होतं.

या कंपनीची गोष्ट मला नोकरीला लागल्यावर साहेबांनी सांगितली होती. शिकागो, १८८१. तिकडं गव्हाचा बाजार एवढा मोठा की धान्याची पोती शिवायला हात पुरेनात. त्या गरजेतून पोती शिवायचं यंत्र करणारी कंपनी निघाली. पोत्यावरून मग ती कपड्याकडे वळली आणि कारखान्यात चालणारी शंभर प्रकारची शिलाई मशीनं केली. जीन्सची खालची मोहरी दुमडून साखळी टाक्यानं शिवायचं त्यांचं एक जुनं मॉडेल आहे, त्यासाठी परदेशातले शौकीन अजून वेडे होतात. धुतल्यावर त्या मोहरीला दोरखंडासारखा पीळ दिसतो, तोच म्हणे अस्सलपणा. पोत्याच्या खानदानातलं मशीन फॅशनमध्ये गेलं ते असं. १९८८ मध्ये जपानच्या ज्युकीनं कंपनी घेतली. मी नोकरीला लागलो तेव्हा ही बातमी ताजी होती आणि आमचे साहेब आठवडाभर सुतक पाळल्यासारखे फिरत होते.

आता साखळी टाका म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरच्या शिलाई मशीनमध्ये खाली बॉबिन असते. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकतात. टाका पक्का बसतो, पण बॉबिन लहान. पोती शिवायला बसलात तर दर काही पोत्यांनी थांबून ती भरा. साखळी टाक्याला बॉबिनच नाही. सुई धागा घेऊन खाली जाते, परत वर यायला लागली की धाग्याचा फास जरासा फुगतो, नेमक्या त्या क्षणी लूपर नावाची वाकडी बोटासारखी पट्टी येऊन त्या फासात शिरते. पुढचा टाका मागच्या फासातून येतो, आणि अशी साखळी. दोन धाग्यांच्या हेडमध्ये लूपरही आपला धागा घेऊन येतो. धागा मोठ्या शंकूसारख्या रिळावरून सरळ येत राहतो, दिवसभर थांबायला नको.

आणि दुसरा फायदा त्याहून मोठा. साखळी उसवते. योग्य टोक धरून ओढलं की आख्खं तोंड सर्रकन उघडतं, पोतं फाटत नाही, बारदान परत वापरता येतं. कापड शिवणाऱ्याला जो दोष, तो पोतं शिवणाऱ्याला गुण. फ्रान्समध्ये थिमोनिएनं १८३० साली ज्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, ते याच टाक्याचं. शिंप्यांनी पोटावर पाय येईल म्हणून त्याची मशीनं फोडली. आमच्या यार्डातल्या दाभणवाल्यांनी काही फोडलं नाही. दाभण आणि सुतळी घेऊन पोत्याला मोजून टाके घालणारी, दोन्ही कोपऱ्यांना पकडायला कान ठेवणारी माणसं होती. मशीन आलं तेव्हा त्यातला एक मला शांतपणे म्हणाला होता, "ह्येला कान ठेवता येत न्हाईत." खरं होतं ते. हमालाला पोतं धरायला कान लागतो. मी तेव्हा हसलो होतो. आज हसलो नसतो.

मोजायचंच झालं तर हे पोतंसुद्धा लांबचं. ताग बंगालचा. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा इथं पहिली ताग गिरणी निघाली, तेव्हापासून देशभरच्या धान्याला तिकडचं कापड. १९८७ च्या कायद्यानं धान्य आणि साखर तागात भरायची सक्ती आली, साखरेला पुढं त्यात बरीच सूट मिळाली. साखरेचं पोतं पूर्वी शंभर किलोचं असायचं, आता पन्नास. पाठीला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

मिस्त्रींनी चहा मागवला आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लूपर. "मूळचा मोडला त्याला धा वर्सं झाली. ह्यो मी घासून केलाय." हातानं घासलेला, पॉलिश केलेला, टोकाला जरा निळसर झाक, म्हणजे पाणी दिलेलं. मी भिंगातून बघितला. वळण जवळजवळ बरोबर. जवळजवळ.

आम्ही दोघं खाली बसलो. एक शिलाई मशीनची मोटर कुठूनतरी आणली, पट्टा बांधला, हेड लाकडी खोक्यावर आवळलं. सुई नवी होती, माझ्या पिशवीतली. पिशवी मी सोबत आणली होती हे बायकोला माहीत नाही. आधी हातानं चाक फिरवलं. सुई खाली, वर, फास फुगला, लूपर आला आणि फासाच्या खालून निघून गेला. स्क्रू ढिला केला, लूपर केसभर पुढं. परत चाक. आता सुईला घासतोय. केसभर मागं. गोदामातला एक पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो म्हणाला, "आजोबा, नवीन छोटं मशीन घ्या की, हातात धरायचं, पाच-सहा हजारात येतंय." खरंय त्याचं. हातातलं बॅग क्लोजर आता गल्लोगल्ली आहे. जपानी न्यूलाँगचं एनपी-सेव्हन आणि त्याच्यावरून केलेल्या चिनी, देशी नकला. इलेक्ट्रिकच्या दुकानात पंख्याशेजारी टांगलेलं असतं. सिमेंटच्या पोत्याला तर शिवणच लागत नाही. त्याच्या कोपऱ्यात एक झडप असते, भरायची नळी तिच्यात जाते, आणि पोतं भरलं की आतला सिमेंटचा दाबच ती मिटवतो. तसली भरणी यंत्रं करणारी जर्मनीची हावर अँड बोकर १८८७ मध्ये तारेची जाळी विणत सुरू झाली आणि अजून जाळीही विणते. पोत्याच्या धंद्यात कोण कुठून आला हे विचारू नये.

चारच्या सुमारास मोटर चालू केली. खडखडखड. पहिलं पोतं मिस्त्रींनी सरकवलं. टाके पडले. दुसरं, तिसरं, चौथं. मी वाकून टाके बघत होतो आणि घामानं चष्मा घसरत होता. सातव्या पोत्याला धागा तुटला. परत ओवला. आठवं गेलं.

मग मिस्त्रींनी बाजूला उभ्या हमालाला सांगितलं, "ओढ रं." त्यानं टोक धरलं, ओढलं, तोंड सर्रकन उघडलं. मी म्हटलं, मला द्या पुढचं. सगळ्यांसमोर मी धागा धरला आणि ओढला. गाठ आवळली, अजून घट्ट. उलटं टोक. तीस वर्षांची सर्व्हिस. हमाल काही बोलला नाही, पोतं फिरवून त्यानं बरोबर टोक माझ्या हातात दिलं.

गोदामवाल्यानं हेड मिस्त्रींना द्यायचं ठरवलं होतं, पण फुकट नाही, किलोच्या भावानं. यार्डातल्या काट्यावर ते ठेवलं. काट्याला वजनमापे खात्याचा त्या वर्षीचा शिक्का होता. वजन बघून पावती फाडली. आयुष्यभर पोत्यांची वजनं बघत उभं राहिलेलं मशीन शेवटी स्वतः काट्यावर गेलं. पैसे मी द्यायला लागलो तर मिस्त्री रागावले. "तुमी बसवलं, मी चालवलं. मग कुनाचं?"

दिवस चौथा

सकाळी हरिपूर. आयर्विन पूल ओलांडायची गरज नव्हती, पण बघून आलो. १९२९ चा. त्याच्या खांबावरच्या फुटांच्या आकड्यांवर पावसाळ्यात अख्ख्या शहराचे डोळे लागलेले असतात. हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि पेवं.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वरून तोंड अरुंद, आत मडक्यासारखं पोट. इथल्या मातीला ते पेलतं, म्हणून पेवं इथं झाली. तळाला आणि कडेला पाचट, शेलू, चटया लावायच्या, हळद ओतायची, तोंड फरशीनं झाकून मातीनं लिंपायचं. हवा आत जात नाही, किड्याला श्वास मिळत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. देवळासमोर बसलेल्या एका आजोबांनी मला हे सांगितलं. त्यांची उमर पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेली.

"उघडल्यावर लगीच उतरायचं नसतंय," ते म्हणाले. "निम्मा दिवस तोंड उघडं टाकायचं. मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील इझला की समजायचं आत वारं न्हाई."

"कुठला कंदील?" मी उगाचच विचारलं.

"प्रभाकर. दुसरा कुठला?"

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. आता माल शीतगृहात जातो. आजोबांनी मला एका पेवाची जागा दाखवली. गवत उगवलेलं, मध्ये जरा खड्डा, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. त्या पिशव्या कुठल्या कुठल्या मशीनवर झाल्या हे मला सीलवरून ओळखता येत होतं. सवय वाईट.

दुपारी मिस्त्री स्टेशनवर आले. हातात छोटं तागाचं पोतं, पाच किलो हळकुंडं, तोंड त्याच हेडवर शिवलेलं. "वहिनींना द्या. फुडच्या वर्साची हळद झाली."

गाडी सुटल्यावर मी पोतं मांडीवर घेतलं आणि टाके मोजायला लागलो. डावीकडून नववा टाका नव्हता. नुसती धाग्याची उडी, मग परत साखळी. लूपर अजून केसभर मागं हवा होता. ताकारीला मिस्त्रींना फोन लावला, लागला नाही. शेणोलीला लावला, तेव्हा रिंग गेली.

"साहेब, नववा ना?" ते म्हणाले. "बघितलाय मी. कालच मागं घेतला."